फी माफ झाली, पण पहिलं सत्र कोण निभावून नेणार? (ग्रामीण मुलं आणि इंजिनिअरिंग/बीएस्सी)

शेवंता

नमस्कार मंडळी,

मराठवाड्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी प्रथम वर्षाला गणित शिकवते. जून-जुलै आला की आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरू लागतात. अमक्या गावच्या मुलीला सीईटीत (राज्याच्या प्रवेश परीक्षेत) चांगले पर्सेंटाइल आहेत, वडील शेतमजूर आहेत, प्रवेशासाठी मदत करा. लोक मनापासून मदत करतातही. सप्टेंबर उजाडला की ते निरोप थांबतात, आणि माझ्या वर्गातली खरी ओढाताण तेव्हाच सुरू होते. म्हणून हा धागा.

शिक्षण शुल्काची बाजू आता बरीच सावरली आहे. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. प्रवेश मात्र कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोटा, खासगी विद्यापीठ, खासगी अभिमत विद्यापीठ यांना ती सवलत नाही, आणि इथे अनेक पालक फसतात. अनुसूचित जाती-जमातींसाठी आधीपासून योजना आहेत. टीएफडब्ल्यूएसच्या (शिक्षण शुल्क माफ असलेल्या) ५ टक्के जागा आहेत. मुलग्यांना राजर्षी शाहू योजनेसारख्या योजनांतून निम्मं शुल्क मिळतं.

या सगळ्यात न बसणारं काय उरतं? खोलीची अनामत. मेसचे आगाऊ पैसे. पावतीवर 'इतर शुल्क' म्हणून छापलेली रक्कम. ड्राफ्टर, शीट, एप्रन, कॅल्क्युलेटर. सी प्रोग्रामिंगच्या सरावासाठी लॅपटॉप. आणि ज्याला पैशाशी काही देणंघेणं नाही असं एक मोठं ओझं: एम-वन, म्हणजे पहिल्या सत्राचा गणिताचा पेपर. मॅट्रिक्सची रँक, आयगेन व्हॅल्यू, डी मॉयव्हर, पार्शल डेरिव्हेटिव्ह, हे सगळं तीन-साडेतीन महिन्यांत. कॅपच्या शेवटच्या फेरीतून आलेला मुलगा वर्गात बसतो तेव्हा पहिलं युनिट होऊन गेलेलं असतं. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) प्रथम वर्षासाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन, म्हणजे ओळख-तयारीचा कार्यक्रम ठरवून दिला आहे. ज्याला त्याची सगळ्यात जास्त गरज, नेमका तोच मुलगा तो संपल्यावर पोचतो.

मग पहिल्या चाचणीत गुण जातात आणि मूल गप्प होतं. दिवाळीला घरी गेलेलं परत येताना अडखळतं. विषय राहिला तर दुसऱ्या वर्षी एम-थ्रीबरोबर एम-वनही डोक्यावर. हुशारी कमी पडली असं यातल्या फार थोड्या मुलांबद्दल म्हणता येईल.

माझं म्हणणं एवढंच, की मदत प्रवेशाच्या दिवशी संपवू नका. ऑगस्ट ते जानेवारीसाठी राखून ठेवा, पैसाही आणि माणूसही. नेमकं काय राखावं, कसं द्यावं, याबद्दल इथल्या अनुभवी लोकांनी लिहावं.

माणदेशी

शेवंताताई, अगदी मुळाला हात घातलात. आपल्याकडे हा विचार नवा नाही. शाहू महाराजांनी १९०१मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहत गेली. फी माफ करून खेड्यातला पोरगा शिकत नाही, त्याला शहरात राहायला छप्पर आणि दोन वेळचं जेवण लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. कर्मवीरांनी १९२४मध्ये साताऱ्यात शाहू बोर्डिंग सुरू केलं तेही याच विचाराने. पुण्यात अच्युतराव आपट्यांची विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५पासून हेच करते आहे, आणि तिथली मुलं 'कमवा आणि शिका' करत इंजिनिअर झाली आहेत.

वसतिगृहाचा खरा फायदा खोलीपेक्षा शेजारच्या कॉटवर असतो. तिथे त्याच कॉलेजचा, एक वर्ष पुढचा, आपल्यासारखाच गावाकडून आलेला मुलगा असतो. आज प्रत्येक जण वेगळ्या पीजीत किंवा कॉट बेसिसवर राहतो, आणि ते शेजारपण गेलं.

खिडकी_क्रमांक_३

मी एका महाविद्यालयात शिष्यवृत्ती विभागात काम करतो. पैसे का अडकतात ते आतून सांगतो. जरा लांबेल, पण वाचा आणि ओळखीच्या मुलांना पाठवा.

पहिली गोष्ट बँक खातं. महाडीबीटीचे (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. पासबुकात केवायसी झालं म्हणजे काम झालं असं मुलं समजतात. तसं नसतं. थेट लाभासाठी खातं आधारशी वेगळं मॅप व्हावं लागतं आणि एका वेळी एकच खातं मॅप असतं. पोराने शाळेत असताना गावच्या बँकेत खातं काढलेलं असतं, नंतर दुसरं काढतो, पैसे जुन्यात जातात आणि ते वापराविना बंद पडलेलं असतं. प्रवेशाच्या आधीच बँकेत जाऊन 'डीबीटीसाठी आधार सीडिंग कोणत्या खात्याला आहे' असं विचारा. याच शब्दांत.

दुसरी गोष्ट, अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा २०२१-२२पासून थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि राज्याचा ४० टक्के वेगळा. दोन्ही एका दिवशी येत नाहीत. खात्यात रक्कम दिसली की घरची निकड पुढे येते. आई आजारी, खताचे पैसे द्यायचे. त्या रकमेत कॉलेजचं शुल्कही आहे हे मुलाला कुणी सांगितलेलंच नसतं. नंतर कॉलेज मागतं तेव्हा पोरगा तोंड लपवतो. हे आधी पाच मिनिटं बसवून समजावलं तर टळतं. आम्ही आता अर्ज भरतानाच कागदावर दोन आकडे लिहून देतो: यातले तुझे इतके, कॉलेजचे इतके.

तिसरी गोष्ट जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला तपासून समितीने दिलेलं प्रमाणपत्र. इंजिनिअरिंगला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर वैधता लागते, आणि मुदतीत नसेल तर मूल खुल्या प्रवर्गात ढकललं जातं. वडिलांकडच्या कुणा रक्ताच्या नातेवाइकाची वैधता असेल तर वाट सोपी. घरात पहिलाच अर्ज असेल तर जुने पुरावे शोधावे लागतात. अनुसूचित जातीला १९५०पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांना १९६१पूर्वीचे, ओबीसींना १९६७पूर्वीचे. आजोबा शाळेतच गेले नसतील तर पुरावा आणायचा कुठून? कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची) नक्कल, खरेदीखत, चुलत आजोबांचा शाळेचा दाखला, असं गावोगाव फिरून जमवावं लागतं. बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करता येतो. अकरावीच्या उन्हाळ्यात कागद गोळा करा. आदिवासी मुलांसाठी समिती वेगळी असते, अर्ज तिकडेच गेला पाहिजे.

प्रवेशाच्या वेळी पात्र विद्यार्थ्याकडून शिष्यवृत्तीतल्या शुल्काची रक्कम घेऊ नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. तरी कुठे मागतात. मागितले तर भांडू नका, 'पत्रावर लिहून द्या' एवढंच म्हणा. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

झुळूक

खिडकी सर, हे सगळं कॉपी करून आमच्या गावच्या ग्रुपवर टाकलं. मनापासून आभार.

नर्मदाकाठ

मी धडगाव तालुक्यातली. आश्रमशाळेत शिकले, नंतर इलेक्ट्रिकल केलं, आता नोकरीत आहे. घरी आम्ही पावरी बोलतो. मराठी मी शाळेत शिकले, इंग्रजी त्यानंतर. ज्यांना वाटतं की मराठी माध्यम झालं की भाषेचा प्रश्न सुटला, त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पहिल्या वर्षी मला पेपरची भीती नव्हती. गणितं सोडवून पाठ होत होती. भीती तोंडी परीक्षेची. समोर सर बसलेत, विचारतात किरचॉफचा नियम काय, आणि मला उत्तर येतंय पण वाक्य येत नाही. गप्प बसलं की शून्य. आमच्या एका मॅडमनी प्रॅक्टिकलला सांगितलं, आधी तुझ्या भाषेत सांग, हाताने दाखव, मग आपण दोघी मिळून इंग्रजी वाक्य करू. तीन-चार प्रॅक्टिकलनंतर माझं मलाच जमायला लागलं. यासाठी योजना लागत नाही, निधी लागत नाही.

राहण्याचं सांगते. सरकारी आदिवासी वसतिगृहाची यादी लागायला उशीर झाला की तोवर कुठे राहायचं हा प्रश्न मुलींना जास्त छळतो. मुलगा मित्राच्या खोलीवर अंग टाकतो, मुलीला तसं करता येत नाही. कॉलेज सुरू झाल्यापासून वसतिगृह मिळेपर्यंतची सोय जर कुणी करू शकलं, एखाद्या ओळखीच्या घरी, एखाद्या संस्थेत, तर माझ्या मते तीच सगळ्यात मोठी मदत. वसतिगृह न मिळालेल्या आदिवासी मुलांसाठीच्या स्वयम् योजनेचे पैसे नंतर येतात. रात्र आज काढायची असते.

पाषाणकर

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या ऑफिसातले काही जण मिळून ग्रामीण मुलांना 'मेंटॉर' म्हणून जोडून घेतो. स्पष्ट लिहितो: नुसत्या फोनचा उपयोग होत नाही. 'काही अडचण आहे का रे?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं, 'नाही दादा, सगळं ठीक आहे.' ज्या मुलाला आयुष्यभर मोठ्या माणसांपुढे 'हो' म्हणायला शिकवलंय, तो परक्या माणसाला अडचण सांगेल कशी?

आम्ही पद्धत बदलली. दर बुधवारी ठरलेली वेळ. मुलाने एक सोडवलेलं गणित किंवा एक छोटा प्रोग्राम फोटो काढून पाठवायचा, मग त्यावरच बोलायचं. अडचण आपोआप बाहेर येते. प्रोग्राम आला नाही म्हणजे लॅब बंद होती, लॅब बंद म्हणजे लॅपटॉप नाही, लॅपटॉप नाही म्हणजे तो वहीवर प्रोग्राम लिहून घोकतोय. हे सरळ विचारून कधीच कळलं नसतं.

जुने लॅपटॉप देऊ इच्छिणाऱ्यांनी एक करावं: लिनक्स टाकून, चार्जर तपासून, बॅटरी तासभर तरी टिकते ना ते बघून द्यावं. बंद पडलेला लॅपटॉप दिला तर दुरुस्तीचा खर्च त्या मुलावर पडतो.

शेवंता

पाषाणकर, बुधवारची कल्पना मी उचलते. माझ्या ट्युटोरियल बॅचमध्ये हे सहज करता येईल. नर्मदाकाठ, तुमच्या मॅडमना माझा नमस्कार कळवा.

कंपासपेटी

तंत्रनिकेतनात ग्राफिक्स शिकवतो. इथे सगळे बारावीनंतरचंच बोलत आहेत, म्हणून डिप्लोमाबद्दल लिहितो. दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा, मग थेट द्वितीय वर्षाला डिग्री. खेड्यातल्या मुलासाठी ही वाट मला जास्त भरवशाची वाटते. खर्च कमी, घराजवळ, मध्ये काही झालं तरी हातात पदविका असते. पण त्यात एक खड्डा आहे. ही मुलं डिग्रीचं एम-वन, एम-टू न करता सरळ एम-थ्रीतल्या लाप्लास आणि फूरिएवर येऊन पडतात. शेवंता मॅडम, तुमच्यासारख्यांनी पहिल्या सत्राबरोबर या मुलांचं तिसरं सत्रही धरावं. त्यांच्यासाठी ते पहिलंच असतं.

ग्राफिक्सबद्दल. 'ग्रामीण मुलांना इमॅजिनेशन नसतं' हे वाक्य स्टाफरूममध्ये ऐकलं की माझा संताप होतो. ज्याने नांगराचा फाळ बसवलाय, विहिरीवरची मोटर उघडलीय, त्याला आकार कळत नाही? त्याला कळत नाही तो 'फर्स्ट अँगल प्रोजेक्शन' हा शब्द. मी साबणाच्या वड्या नेतो. चाकूने तिरका छेद घ्यायचा, कापलेली बाजू कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवायची. सेक्शन म्हणजे हे. मग ड्राफ्टर हातात. शेतात राबलेली पोरं यात वर्गाच्या पुढे असतात.

आणखी एक जखम आहे, लातूर-नांदेडपासून सगळीकडे पसरलेली. 'इंटिग्रेटेड'च्या नावाखाली मुलं अकरावी-बारावीला नावापुरती एका कॉलेजात आणि दिवसभर क्लासला. प्रॅक्टिकल होतच नाहीत, वह्या लिहिलेल्या मिळतात. व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) हातात धरलेला नसलेला मुलगा पर्सेंटाइल घेऊन येतो, आणि गावच्या गरीब बापाने त्या क्लाससाठी जमीन गहाण टाकलेली असते.

एक_पालक

कंपासपेटी सर, डिप्लोमाचं पटलं. पण सीईटीचा गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. फिजिक्स, केमिस्ट्री मराठीतून देता येतात, गणित नाही. शंभर गुणांचं गणित, दोनशेतलं निम्मं. मग क्लास लावल्याशिवाय पर्याय राहतो का आमच्यासारख्यांना?

शेवंता

दादा, प्रश्न रास्त आहे. गणिताच्या पेपरात इंग्रजी कमी आणि चिन्हं जास्त असतात, त्यामुळे ठरावीक शंभर-दीडशे शब्द आले की पेपर वाचता येतो. त्या शब्दांची मराठी-इंग्रजी यादी मी वर्गासाठी केली आहे, ती इथे टाकते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, हेही अनेक मुलांना माहीत नसतं, ती प्रश्न कोरे सोडून येतात. प्रश्नांत अकरावीचा वाटा साधारण २० टक्के आणि बारावीचा ८०. बोर्डाचं पुस्तक नीट केलं तर महागड्या क्लासची सक्ती राहत नाही असं माझं मत आहे, वेगळा अनुभव असेल त्यांनी सांगावा.

कासारवाडी

एआयसीटीईने २०२१मध्ये प्रादेशिक भाषांत इंजिनिअरिंगला परवानगी दिली, मराठीत पाठ्यपुस्तकंही आली. सगळंच मराठीत का करत नाही? अर्धे प्रश्न सुटतील.

नर्मदाकाठ

कासारवाडी, मला विचाराल तर शिकवणं मराठीत हवं, पुस्तक दोन्हींत हवं आणि मुलाखत इंग्रजीत देता आली पाहिजे. माझ्या धाकट्या भावाला मी पूर्ण मराठी शाखेत घालणार नाही, कारण कंपनी त्याला इंग्रजीतच विचारणार. पण त्याला पहिल्या सत्रात मराठीत समजावणारा मास्तर मिळावा, हे मात्र हवंच.

माणदेशी

या बाबतीत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं काम आठवतं. १९७४मध्ये केंद्र सुरू झालं आणि सुरुवातीच्या कामांतच जळगाव जिल्ह्यातलं खिरोदा होतं. पुढे त्यांनी मुंबईतल्या पालिका शाळांतल्या वंचित मुलांबरोबर काही वर्षं काम केलं. तिथे दिसलं ते हे, की पुस्तकाची भाषा सोपी केली, मुलांना प्रश्न विचारू दिले, हाताने प्रयोग करू दिले की तीच मुलं पुढे सरकतात. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर सरही पालिकेच्या शाळेतलेच, टाटा ट्रस्टच्या महिना साठ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर त्यांचं पुढचं शिक्षण झालं. ते साठ रुपये दर महिन्याला येत होते, हे मला महत्त्वाचं वाटतं.

झाडीपट्टी

सगळे इंजिनिअरिंगवर लिहीत आहेत. बीएस्सीवाल्यांना कुणी विचारत नाही, म्हणून मी लिहितो. मी गडचिरोली जिल्ह्यातला, भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं.

आमच्याकडे 'इंजिनिअरिंगला लागलं नाही म्हणून बीएस्सी' असंच घरचे सांगतात. त्यामुळे मुलगा पहिल्या दिवसापासून हरलेला. त्याला माहीतच नसतं की बारावीला बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात आला आणि मूलभूत विज्ञान निवडलं तर केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपये देते. ६० हजार त्याला आणि २० हजार उन्हाळी प्रकल्पासाठी. त्याला हेही माहीत नसतं की बीएस्सीनंतर जॅम नावाची परीक्षा असते, तिच्यातून आयआयटीत एमएस्सीला जाता येतं. अर्ज शेवटच्या वर्षाच्या सप्टेंबरच्या आसपास, परीक्षा फेब्रुवारीत. आमच्या कॉलेजात नोटीस लागायची तेव्हा मुदत संपलेली असायची. मला कळलं ते एका सीनियरमुळे.

तिन्ही विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप असते, तिचा अर्ज हिवाळ्यातच भरावा लागतो. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत घालवलेला मुलगा परत येतो तो वेगळा होऊन. शहरातल्या मंडळींना पैसे द्यायचे नसतील तर हे करा: एखाद्या तालुक्याच्या कॉलेजातल्या बीएस्सीच्या वर्गाला या तारखा वेळेवर कळवा आणि अर्जातलं 'मला हे का करायचंय' हे पान त्यांच्यासोबत बसून लिहून घ्या. शब्द त्यांचेच राहू द्या.

राईनकाठ

जर्मनीत राहते. आम्ही काही कुटुंबं मिळून दर महिन्याला रक्कम बाजूला काढू शकतो. संस्थेला द्यावी की थेट मुलांना? आमच्यातल्या काहींकडे भारतीय पासपोर्ट आहे, काहींकडे जर्मन.

खिडकी_क्रमांक_३

ताई, पासपोर्ट महत्त्वाचा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने दिलेले पैसे परकीय देणगी मानले जात नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचे, ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असले तरी, मानले जातात. त्यामुळे जर्मन पासपोर्टवाल्यांनी एफसीआरए (परकीय देणगी कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच द्यावेत. नोंदणी चालू आहे ना ते गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बघता येतं.

आणि कृपा करून धनादेश देतानाचे फोटो नकोत. त्या मुलाला त्याच वर्गात चार वर्षं बसायचं असतं.

राईनकाठ

फोटोचा प्रश्नच नाही. मग असं करतो: एकरकमी न देता सहा हप्ते, ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत, मेस आणि खोलीसाठी. शिष्यवृत्ती आली तर ती रक्कम मुलाने आम्हाला परत करायची नाही, पुढच्या वर्षीच्या मुलासाठी तिथेच ठेवायची. चालेल का?

शेवंता

उत्तम चालेल. फक्त 'परत' हा शब्द मुलापर्यंत जाऊ देऊ नका. बऱ्याच घरांनी सावकाराचा धसका घेतलेला असतो. ठेवता आले तर ठेव, नाही तर तुझं शिक्षण पुरं कर, असंच सांगायचं.

माझ्याकडून दोन गोष्टी. कॅपच्या शेवटच्या फेरीतून येणाऱ्यांसाठी एम-वनच्या पहिल्या युनिटचे तास मी संध्याकाळी परत घेईन, ऑनलाइनही उघडे ठेवीन, कुठल्याही कॉलेजच्या मुलांनी यावं. डिप्लोमातून येणाऱ्यांसाठी तिसऱ्या सत्राआधी आठवडाभर डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रेशनची उजळणी. कंपासपेटी सर, तुमच्या मुलांना नेमकं कुठे अडतं त्याची यादी मला पाठवाल का?

कंपासपेटी

रविवारपर्यंत पाठवतो. पार्शल फ्रॅक्शन सगळ्यात वर असेल.

एक_पालक

माझ्या मुलीला दुसऱ्या फेरीत शासकीय कॉलेज मिळालंय, ओबीसीतून. वैधता आहे, नॉन-क्रिमीलेअर मागच्या वर्षीचं आहे. चालेल का?

खिडकी_क्रमांक_३

दादा, त्यावर 'या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. चालू आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत असेल तर चालेल. त्याआधीच संपलं असेल तर उद्याच सेतूत नवीन अर्ज टाका, पावती जपून ठेवा, आणि मुलीला घेऊन बँकेतही जा. वर लिहिलेलं वाक्य तसंच विचारा. कागदांत कुठे अडलं तर इथेच लिहा, मी रोज संध्याकाळी बघतो.

नर्मदाकाठ

दादा, कॉलेज कोणत्या शहरात ते मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वसतिगृहाची यादी लागेपर्यंत मुलीची राहायची सोय बघू.